वावरात हेम्प लावू का? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मागच्या अंकात आपण अमेरिकेतल्या काही राज्यांत परवाना काढून गांजाची शेती कशी करतात यावर थोडं लिहिलं होतं. त्यावर विदर्भातून खूप पत्रं आली, मेसेज आले, काहींनी तर कागदांचे फोटोच पाठवले. ते फोटो पाहून खरंच काळजी वाटली, कारण गावोगावी कोणीतरी फिरतंय आणि शेतकऱ्यांकडून पैसे गोळा करतंय असं दिसतंय. म्हणून तोच प्रश्न आधी घेतो.

काटोल तालुक्यातून एक शेतकरी विचारतात: भाऊ, माझी संत्र्याची बाग कोळशीनं गेली. आता एक जण येऊन सांगतो की इंडस्ट्रियल हेम्प लावा, एकरी पैसे भरा, लायसन कंपनी काढून देते, बी कंपनीचं, माल पण कंपनीच उचलते. त्यानं फूड लायसन आणि जीएसटीचे कागद दाखवले. भरू का पैसे?

नका भरू भाऊ. आणि बी घरात आलं असेल तर ते वावरात टाकू नका, हे आधी सांगतो मग कारण सांगतो.

हेम्प म्हणजे धाग्यासाठी, बियासाठी लावतात तो कमी नशेचा गांजाच. आपल्याकडे या झाडाला लागू होतो तो १९८५ चा एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. त्याच्या कलम ८ मध्ये गांजाचं कुठलंही झाड लावायला बंदी आहे, म्हणजे कमी नशेचं, धाग्याचं, बियाचं, 'आमचं वाण वेगळं आहे हो' म्हणणाऱ्याचं, सगळंच त्यात आलं. त्यातून बाहेर पडायच्या वाटा दोनच आहेत आणि दोन्ही सरकारच्या हातात आहेत. कलम १० खाली राज्य सरकार नियम करून औषधी आणि शास्त्रीय कामासाठी लागवडीचा परवाना देऊ शकतं, आणि कलम १४ खाली सरकार आदेश काढून फक्त धागा किंवा बी मिळवण्यासाठी, नाहीतर बागकामासाठी लागवडीला परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडनं ही दुसरी वाट धरली, २०१८ मध्ये तिथं देशातला पहिला असा परवाना निघाला, आणि अट ही की झाडात टीएचसी, म्हणजे ज्यानं नशा चढते ते रसायन, ०.३ टक्क्याच्या वर जाता कामा नये. महाराष्ट्रात शेतकऱ्याला असा परवाना देणारी व्यवस्था सरकारनं अजून उभीच केलेली नाही. मग जे ऑफिसच नाही तिथून हा माणूस तुमचं लायसन आणणार कसं, हे त्यालाच विचारा.

आता त्या कागदांचं सांगतो. फूड लायसन खरं असू शकतं, कारण २०२१ च्या शेवटी एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेनं, हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ हे खाण्याचे पदार्थ म्हणून विकायला मान्यता दिली. पण ते विकायचं लायसन आहे, पेरायचं नाही. जीएसटी नंबर म्हणजे कर भरायची नोंदणी, तिचा लागवडीशी काही संबंध नाही. कोणी उत्तराखंडच्या परवान्याची झेरॉक्स दाखवली तरी ती काटोलात चालत नाही, परवाना त्या राज्यातला, त्या जमिनीचा, त्या माणसाच्या नावाचा असतो.

आणि शिक्षा कोणाला होते? ज्यानं लावलं त्याला. कलम २० मध्ये नुसत्या लागवडीसाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे, तिथं झाडं पाच होती का पाचशे हा हिशोबच कायद्यानं ठेवलेला नाही. कंपनीनं 'माल परत घेऊ' असा करार शंभराच्या स्टॅम्पवर करून दिला असेल तरी जे कामच बेकायदा आहे त्याचा करार कोर्टात टिकत नाही, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम २३ हेच सांगतं. म्हणजे माल पडून राहिला तर तक्रार करायला सुद्धा तोंड उरत नाही.

त्या माणसाला एकच गोष्ट मागा, महाराष्ट्र शासनाचा जीआर, तारखेसकट. जीआर सरकारच्या वेबसाइटवर कोणालाही पाहता येतात. पैसे ऑनलाइन गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवा, पोलिसात लेखी तक्रार द्या, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि चॅट डिलीट करू नका. आणि बागेचं म्हणाल तर नागपूरला अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथं जाऊन एकदा माती आणि पानं दाखवा. बाग गेलेल्या माणसाच्या अडचणीवर कोणी धंदा करतो याचा मला फार संताप येतो, म्हणून एवढं लांबवलं.

मौदा येथून: ताग लावला आहे हिरवळीच्या खतासाठी. पाकिटावर इंग्रजीत 'सन हेम्प' लिहिलंय. परवानगी लागते का?

नाही लागत. ताग म्हणजे बोरू, ते शेंगवर्गीय पीक, गांजाशी त्याचं नातं नाही. अंबाडीचं पण तसंच, पानं थोडी तशी दिसतात म्हणून लोक घाबरतात पण ती भेंडीच्या घरची. खुशाल लावा, भाजी करा. पाकीट आणि बिल मात्र जपून ठेवा.

नागपूरच्या कृषी महाविद्यालयातला विद्यार्थी: सर, अमेरिकेत परवाना मिळाला की शेतकरी मोकळा, असं वाटतं. मग तिथले लहान शेतकरी परेशान आहेत असं का वाचायला मिळतं? आपल्याकडे नियम झाले तर कोणाचे घ्यावे?

प्रश्न आवडला, याला जागा देतो.

पहिली गोष्ट, अमेरिकेत एक नियम नाही. देशाच्या कायद्यात गांजा अजून नियंत्रित अमली पदार्थच आहे आणि राज्यं आपापल्या कायद्यानं परवाने देतात. त्यामुळे एका राज्यात पिकलेला माल शेजारच्या राज्यात परवाना असला तरी नेता येत नाही, जिथं पिकला तिथंच खपला पाहिजे. आपल्याकडे नागपूरच्या कळमना बाजारात भाव पडला तर माल दुसरीकडे पाठवता येतो, तिथं तो रस्ताच बंद. बँका हात आखडतात, आणि केंद्राच्या आयकर कायद्याचं २८०ई नावाचं कलम असं आहे की या धंद्याला भाडं, पगार, जाहिरात असे नेहमीचे खर्च वजा करून मिळत नाहीत. हे डोक्यात ठेवलं की पुढचं समजतं.

कॅलिफोर्नियात २०१६ च्या मतदानात प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला आणि १ जानेवारी २०१८ पासून व्यापारी परवाने सुरू झाले. आधी तीन वेगवेगळी खाती होती, २०२१ मध्ये ती एकत्र करून डिपार्टमेंट ऑफ कॅनाबिस कंट्रोल केलं. परवाना सातबाऱ्यावरच्या एकरांवर मोजत नाहीत, फुलावर येणाऱ्या झाडांनी व्यापलेल्या जागेवर मोजतात, त्याला ते कॅनपी म्हणतात. उघड्यावरच्या शेतीचा 'स्मॉल' परवाना म्हणजे १० हजार चौरस फुटांपर्यंत, आपल्या हिशोबानं साधारण ९ गुंठे. 'मिडियम' म्हणजे १ एकरपर्यंत. त्याहून मोठा 'लार्ज' परवाना मुद्दाम पहिली पाच वर्षं दिलाच नाही, तो २०२३ पासून सुरू केला, म्हणजे तोवर लहान शेतकऱ्यानं पाय रोवावे. हेतू चांगला होता, पण मोठ्या पैशावाल्यांनी काय केलं, लहान परवानेच ढिगानं घेतले आणि एकाला एक जोडून टाकले, कारण एका मालकानं किती लहान परवाने घ्यायचे याला वेसण घातली नव्हती. इथंच लहान शेतकरी मारला गेला असं माझं मत आहे.

आणि परवाना म्हणजे नुसता फॉर्म नाही. आधी शहराची किंवा काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, मंजुरी पाहिजे, बऱ्याच ठिकाणी ती मिळतच नाही कारण त्यांनी आपल्या हद्दीत बंदी ठेवलीय. मग पर्यावरणाचा आढावा, पाणी कुठून घेणार त्याचा पुरावा, ओढ्यानाल्याला हात लागत असेल तर मासे आणि वन्यजीव खात्याशी करार, मालकांचे बोटांचे ठसे आणि गुन्हेगारी रेकॉर्डची तपासणी. मोठ्या झालेल्या प्रत्येक झाडाला चिप असलेला टॅग लावायचा, मेट्रक नावाच्या सिस्टिममध्ये त्याची नोंद, कापणी झाली की ओलं वजन, फेकलेला पाला सुद्धा लिहायचा. विक्रीआधी परवानाधारक लॅबमध्ये कीटकनाशकं, जड धातू, बुरशी सगळं तपासायचं. पर्यावरणाच्या कागदांत हजारो शेतकरी अडकले म्हणून त्यांना तात्पुरते परवाने द्यावे लागले आणि त्याची मुदतवाढ वर्षानुवर्षं चालली.

याच्या अगदी उलट ओक्लाहोमा. तिथं २०१८ मध्ये औषधी वापराला मान्यता मिळाली, परवाना फी २,५०० डॉलर, संख्येला मर्यादा नाही. झालं, काही वर्षांत उत्पादकांचे परवाने ८ हजारांच्या वर गेले. मालकी ७५ टक्के स्थानिकांची पाहिजे अशी अट होती तर लोकांनी पैसे घेऊन नुसती नावं दिली, मागं पैसा आणि माणसं दुसऱ्यांची. माल राज्यात खपेना, चोरून बाहेर जायला लागला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये नवीन परवाने बंद करायची पाळी आली. ओरेगॉनमध्ये पण तेच, तिथं मोठ्या उघड्या शेतीचा परवाना ४० हजार चौरस फुटांचा, परवाने सढळ हातानं दिले, माल इतका झाला की भाव कोसळले आणि अर्ज थांबवावे लागले.

तर कोणाचे नियम घ्यावे? माझ्या मते एका माणसाला किती क्षेत्र याची पक्की मर्यादा, ती सुद्धा सगळ्या परवान्यांची बेरीज धरून, आणि पिकवण्याआधी खरेदीदार ठरलेला. प्रत्येक झाडाला टॅग हे आपल्या दोन एकरवाल्याला झेपणार नाही, पण लॅब तपासणी सोडून चालणारच नाही. तुम्ही कृषीचे विद्यार्थी आहात, नुसतं वाण आणि उत्पादन शिकू नका, बाजार कसा बांधतात ते पण शिका, कापसाच्या भागातल्या पोरांना हे मी वेगळं सांगायला नको.

धंतोलीचे एक ज्येष्ठ वाचक: इंग्रजांच्या काळात आपल्या मध्य प्रांतात गांजाच्या शेतीला सरकारी परवाने होते असं वडील सांगत. खरं का? असेल तर आता पुन्हा सुरू करायला हरकत काय?

वडील बरोबर सांगत होते काका. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात ही लागवड निमाड जिल्ह्यातल्या खंडवा भागापुरती बांधलेली होती. परवाना असलेल्यानंच लावायचं, माल सरकारी देखरेखीच्या कोठारात ठेवायचा आणि कर भरूनच तो दुकानदाराकडे जायचा. मुंबई इलाख्यात अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, हा मोठा पट्टा, बंगालमध्ये नौगाव. १८९३-९४ मध्ये इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं होतं, त्यांनी देशभर फिरून साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल दिला, निष्कर्ष असा की सरसकट बंदी नको, परवाने आणि कर यांनी काबूत ठेवा.

गंमत नाही, खरं सांगतो, आजच्या कलम १० ची बांधणी त्याच वळणाची आहे. राज्यानं परवाना पद्धत आणली तर लागवडीची हद्द सरकार ठरवणार, परवानावालाच लावणार, सगळा माल सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करणार आणि शेतकऱ्याला काय दर द्यायचा हे पण सरकारच ठरवणार. कायद्यात हे लिहिलेलं आहे, महाराष्ट्रात शेतकऱ्यासाठी वापरलेलं नाही. अफूच्या बाबतीत मात्र केंद्र असंच चालवतं. मंदसौर, नीमचचे शेतकरी केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोच्या परवान्यावर अगदी छोट्या तुकड्यात अफू लावतात, सगळी अफू सरकारला देतात, आणि ठरवलेल्या किमान मापापेक्षा कमी भरली तर पुढच्या वर्षी परवाना जाऊ शकतो. गारपीट झाली तरी धाकधूक मापाचीच. म्हणजे सरकारी परवाना आला की चिंता गेली असं समजायचं कारण नाही.

हरकत काय विचारलंत, तर मला हरकत नाही, पण आधी काही गोष्टी झाल्याशिवाय नको. धाग्याच्या हेम्पमध्ये सगळं त्या ०.३ टक्क्यावर अडतं. वाणात सातत्य नसेल, कापणीला उशीर झाला, हवामानाचा ताण बसला, तर टीएचसी वर सरकते आणि सरळ चाललेल्या शेतकऱ्याचं पीक कायद्याच्या चुकीच्या बाजूला जातं. अमेरिकेत केंद्राच्या नियमानं हेम्पचा नमुना कापणीच्या आधीच्या ३० दिवसांत घेतात, मर्यादेच्या वर निघालं की ते पीक तसंच बाजारात जात नाही, नष्ट करावं लागतं नाहीतर टीएचसी मर्यादेत आणून दाखवावी लागते, पण शेतकऱ्यानं काळजी घेतली असेल आणि आकडा १ टक्क्याच्या आत असेल तर त्याच्यावर निष्काळजीपणाचा ठपका येत नाही. आपल्याकडे अशी सूट लिहून घेतल्याशिवाय कोणी पेरू नये. आणि ४५ अंशाच्या विदर्भात कोणतं वाण किती टीएचसी देतं हे आधी कृषी विद्यापीठाच्या प्लॉटवर दिसलं पाहिजे, शेतकऱ्याच्या वावरात नाही. हिमाचल विधानसभेनं २०२४ मध्ये लागवडीच्या बाजूनं ठराव केला आणि नंतर तिथलं काम पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांकडे प्रायोगिक म्हणून दिलं, ही रीत मला पटते.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं २०२१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्जच दिला होता, कुठल्याच पिकाला भाव नाही, गांजा लावू द्या म्हणून. परवानगी मिळाली नाही, पोलिसांनी तो प्रसिद्धीचा प्रकार ठरवला. मला त्या अर्जात प्रसिद्धीपेक्षा 'भाव नाही' हे शब्द जास्त मोठे दिसतात.

मनीषनगरहून एक आई: माझा मुलगा कॅलिफोर्नियात आयटीत आहे, एच-वन-बीवर, ग्रीन कार्डची फाइल लागलेली. त्याचा मित्र परवाना असलेल्या गांजाच्या फार्ममध्ये भागीदारी घे म्हणतो. तिथं कायदेशीर आहे तर काळजी करू का?

ताई, करा, आणि आजच फोन करा. राज्यात कायदेशीर आहे हे खरं, पण व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे राज्य देत नाही, केंद्र देतं, आणि केंद्राच्या कायद्यात हा नियंत्रित पदार्थ आहे. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्यानं, यूएससीआयएसनं, स्पष्ट मार्गदर्शन काढलं की गांजाच्या धंद्यातला सहभाग राज्यात कायदेशीर असला तरी नागरिकत्वासाठी लागणारं 'चांगलं चारित्र्य' दाखवताना आड येऊ शकतो, त्यात नोकरी पण आली. नागरिक नसलेल्या माणसाला देशात प्रवेश नाकारायलाही हे कारण होऊ शकतं. त्यात परवान्याच्या फॉर्मवर मालक म्हणून नाव येतं, बोटांचे ठसे जातात, म्हणजे सगळं सरकारी कागदावर. कॅलिफोर्नियात २० टक्के किंवा जास्त हिस्सा असला की तो मालकच धरतात, आणि कमी हिस्सा असला तरी गुंतवणूकदार म्हणून नाव बहुतेक द्यावंच लागतं.

मित्राचा हेतू चांगला असेल, तो कदाचित तिथला नागरिक असेल, त्याला हा धोका नाही म्हणून त्याच्या डोक्यात आलं नसेल. मुलाला सांगा, कशावरही सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचार, धंद्याच्या वकिलाला नाही, दोघं वेगळे. आणि गांजा प्यायला 'इथं चालतं' म्हणून सोशल मीडियावर फोटो टाकत असेल तर ते पण थांबवायला सांगा.

हिंगणा तालुक्यातून: मी नागपुरात राहतो, वावर बटईनं दिलंय. मागच्या वर्षी शेजारच्या गावात तुरीच्या मधोमध गांजाची झाडं सापडली. माझ्या वावरात बटईदारानं असं केलं तर मी अडकतो का? आणि धुऱ्यावर आपोआप उगवलं तर?

माहीत असून गप्प राहिलात तर अडकता. एनडीपीएस कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत बेकायदा लागवड आहे हे कळलं की जमीनधारकानं लगेच पोलिसांना नाहीतर संबंधित खात्याला कळवायचं असतं, जाणूनबुजून टाळलं तर शिक्षा आहे. कलम ४७ मध्ये हेच काम सरपंच, पंच आणि गावच्या अधिकाऱ्यांवर टाकलंय. आणि कलम २५ म्हणतं की मालकानं माहीत असून आपली जागा अशा कामाला वापरू दिली तर शिक्षा त्या गुन्ह्याचीच.

आता पुराव्याचं नीट समजून घ्या. ज्या माणसानं जमीन कसली तिच्यात झाड सापडलं तर कलम ५४ प्रमाणे आधी त्याच्याविरुद्धच गृहीत धरतात आणि आपलं नाही हे त्याला दाखवावं लागतं. आपल्याकडे बटई तोंडी चालते, सातबाऱ्यावर पीक मालकाच्या नावानं लागतं, मग प्रत्यक्ष कसत कोण होतं हे सिद्ध करता करता मालकाच्या नाकी नऊ येतात. म्हणून बटईचा साधा का होईना पण लेखी करार करा, गट नंबर, हंगाम, पिकं लिहा, दोन साक्षीदार घ्या. आणि तूर, पऱ्हाटी डोक्याएवढी झाली की महिन्यातून एकदा तरी आत शिरून फिरून या, धुऱ्यावरून पाहून काही कळत नाही.

धुऱ्यावर आपोआप उगवलेलं झाड ही लागवड नाही, पण ते तुम्हाला कोर्टात सांगायची वेळ येऊ नये. उपटून घरी आणू नका, वाळवू तर मुळीच नका, कारण शेंडे हातात सापडले की तो ताब्याचा वेगळा गुन्हा होतो. पोलीस पाटलाला बोलवा, जागेवरच फोटो काढा, पोलीस ठाण्यात दोन ओळींचा अर्ज द्या आणि त्याची पोच, शिक्क्यासकट, घेऊन सातबाऱ्याच्या फाइलमध्ये लावून ठेवा.